१२ इंची संगीन: कारखान्यात कापलेली की बाजारात घासलेली?

निपाणी_संग्रह
निपाणीत ब्रिटिश लष्कराची १९०७ पॅटर्नची संगीन (रायफलच्या टोकाला लावायचं पातं) विकायला आहे. पातं १२ इंच, मधे लांब खाच, सगळीकडे काळा थर. मुठीलगत ठसे: मुकुट, १९०७, ५ '१७ आणि कारखान्याचं नाव विल्किन्सन. मूळ पातं १७ इंची असतं. मग ही खोटी का? विकणारा "हात न लावलेली" म्हणतोय.

कॅम्प_बेळगाव
हात लागलाय, पण म्हणून खोटी ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात १७ इंची पाती कापून १२ इंची केली, त्या प्रकाराला मार्क १* (स्टार) म्हणतात. आधी टोक बघा. कापलेल्या पात्यात खाच थेट नव्या टोकाजवळ पोचते. मार्क २ नवीनच घडवला, त्याला खाच नाही. बिनखाचेच्या पात्यावर '१७ चा ठसा असला तर तिथंच सोडा. ठशातला ५ म्हणजे मे महिना, '१७ म्हणजे १९१७. गार्डचा (मुठीपुढच्या आडव्या पट्टीचा) वाकडा हूक १९१३ मध्ये बंद झाला, त्यामुळे '१७ च्या नगावर तो असला तर मागून जोडलेला. मुठीच्या टोकाला आरपार तेलाचं भोक मात्र हवं.

खानापूर_पाती
ठसा भिंगाखाली धरा, खरा निकाल तिथंच लागतो. पंच मारला की पोलाद कडेला किंचित उचलतं. ओतीव नकलेत अक्षरं गोलसर, लेझरच्या कामात तळ सपाट. कारखान्यात नवा थर दिला असेल तर तो जुन्या अक्षरांच्या तळापर्यंत जातो. आजूबाजूला काळं आणि अक्षरात चकचकीत पोलाद असेल तर ठसा नंतरचा. फक्त काळजी घ्या: दुरुस्तीनंतर पुन्हा वाटप करताना मारलेली तारीख थरावरच बसते, ती दोष नव्हे. बफ मारलेल्या (चाकावर घासून चकचकीत केलेल्या) पात्यावर अक्षरं उथळ होतात, मुठीलगतच्या कडा गोल होतात. असा नग खरा असू शकतो, पण पूर्ण भाव देऊ नका.

निपाणी_संग्रह
खाच टोकापर्यंत आहे, भोकही आहे. मुठीच्या लाकडाखाली केशरी गंज दिसतोय.

खानापूर_पाती
मालकाला विचारून मुठीचे दोन्ही स्क्रू काढा. स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा घ्या, नाहीतर डोकं फाटतं. जुना गंज काळपट, खड्ड्यात रुतलेला. तेलाच्या फडक्यानं केशरी पूड निघून खाली गुळगुळीत पोलाद दिसलं तर तो गंज अलीकडचा, बहुधा मुद्दाम आणलेला. लाकूड बदललेलं चालतं. पॉलिश पेपर अजिबात लावू नका.

कॅम्प_बेळगाव
शस्त्र नियमांत संगिनीचं नाव स्पष्ट आहे. पैसे देण्याआधी पोलीस ठाण्यात परवान्याचं विचारून घ्या.