सही घेतली की डॉक्टर सुटले का?

बाळीवेसकर: मामींचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, इथंच सोलापुरात. चार दिवसांत पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. पित्तनलिकेला इजा होऊन पित्त पोटात झिरपत होतं. पुण्याला हलवावं लागलं. इथल्या डॉक्टरांना विचारलं तर फाईल उघडून सहीवर बोट ठेवलं, "रिस्क सांगितली होती." कधी सांगितली? स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारात असताना, इंग्रजी छापील कागदावर. अशी सही धरूच नये.

होटगीरोड_सर्जन: राग समजतो, पण गुंतागुंत वेगळी, हलगर्जी वेगळी. पित्ताशय सुजून चिकटलेलं असलं की नलिका ओळखता येत नाही; मुरलेल्या सर्जनकडूनही इजा होते. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सुप्रीम कोर्टानंही फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो असंच म्हटलंय.

बाळीवेसकर: फौजदारीचं नाव कुणी काढलं? पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे त्याच कोर्टानं १९९५ ला सांगितलंय.

अशोकचौक_पोरगी: आमची अम्मा विड्या वळते. तेलुगू येतं, मराठी कामापुरतं. गर्भाशयाच्या ऑपरेशनला "इथं अंगठा लावा" एवढंच तिला कळलं. समीरा कोहली खटला (२००८) वाचा. तपासणीला संमती दिलेल्या बाईचं गर्भाशयच काढलं होतं. जिवावर बेतलेलं नसेल तर एका गोष्टीची संमती दुसरीला चालत नाही, असा निकाल आहे.

होटगीरोड_सर्जन: तेलुगूत समजावायला हवं होतं, मान्य. पण पेशंट किती लपवतात तेही लिहा की. मिश्री लावत नाही म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी सांगत नाहीत, साखर तीनशे. मग जखम चिघळली की डॉक्टर चोर!

सातरस्ता_मेडिकल: सहीवरून काय भांडताय बे? आधी केसपेपर काढा. लेखी मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात. ऑपरेशन नोटमध्ये चिकटलेलं होतं असं लिहिलंय का? मग पोट उघडून का केलं नाही? आणि दुखणं सुरू झाल्यावर सोनोग्राफी कधी केली? इजा कुणाकडूनही होईल, ती उशिरा ओळखली तर मात्र जाब विचारायचाच.

बाळीवेसकर: मामी दुसऱ्या दिवसापासून कण्हत होत्या. "गॅस आहे" म्हणून गोळ्या दिल्या. सोनोग्राफी डोळे पिवळे झाल्यावर.

होटगीरोड_सर्जन: याची बाजू मी घेणार नाही. पण मग तुमची तक्रार सहीची नाहीच, धाग्याचं नाव बदला.

बाळीवेसकर: नाव राहू दे. सही त्यांनीच पुढं केली, मी नाही.