उलाढालीचा एक टक्का दिवाळी भेटींना? आणायचा कुठून?

रबाळेकर
परवा इथे एकाने लिहिलं, 'क्लायंटच्या दिवाळी भेटींसाठी उलाढालीचा एक टक्का सरळ बाजूला काढा, तो खर्च नाही, गुंतवणूक आहे.' वाचून डोकं फिरलं. जॉबवर्कवाल्याची, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देणाऱ्याची, उलाढाल दोन कोटी धरा. एक टक्का म्हणजे दोन लाख. वर्षाअखेर आठ टक्के सुटले तर सोळा लाख. म्हणजे नफ्याचा आठवा हिस्सा काजू-बदामात! शिवाय भेट म्हणून वाटलेल्या मालावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, कलम १७(५)(एच). तो करही आपल्याच बोकांडी. आणि त्याच सुमाराला कामगारांचा बोनस, कायद्याने पगाराच्या किमान ८.३३ टक्के. आधी बोनस, मग उरलं त्यातून डबे. उलाढालीवर बजेट ठरवणाऱ्याने पगाराचा दिवस कधी काढलेला नाही.

नौपाड्याची मीनल
दादा, शेवटचं वाक्य मागे घ्या. मीही सात माणसांचा पगार काढते. माझं प्रिंटिंगचं काम. एका ऑफिसातून बरेच दिवस काही आलं नव्हतं, दिवाळीचा डबा पोचला आणि आठवड्यात कॅलेंडरची ऑर्डर आली. तो डबा गेला नसता तर त्यांना माझी आठवण झाली असती का?

तुर्भेवाला
ताई, डबा जातो परचेसवाल्याच्या घरी. आपला माल उतरवून घेणाऱ्या स्टोअरच्या माणसाला लाडूसुद्धा मिळत नाही. आणि बिलांचं काय? एका कंपनीने माझे पैसे चार महिने अडवले, वर दसऱ्याला त्यांच्याच माणसाचा फोन, 'यंदा काय देताय?' माझ्याच पैशांवर बसून मलाच भेट मागायची!

सीए_खारघर
उद्यम नोंदणी आहे ना? सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून मुदत टळली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यांना त्या खर्चाची वजावटही मिळत नाही. थकीत पैशांसाठीच्या सरकारी एमएसएमई पोर्टलवर तक्रार टाका.

तुर्भेवाला
साहेब, तक्रार टाकली की पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, बंद. तुमची फी वेळेवर येते म्हणून कलमं सुचतात.

सीए_खारघर
माझीही थकते. आवाज चढवून कायदा बदलत नाही. आणि भेटींचंच बोलायचं तर १९६१च्या आयकर कायद्यात १९४आर म्हणून आलेला नियम विसरू नका. १ जुलै २०२२पासून एकाला वर्षात वीस हजारांच्या वर लाभ गेला की १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापायचा कर. चांदीची नाणी वाटणाऱ्यांनी आधी हे बघावं.

नौपाड्याची मीनल
भेटींवरून वसुलीवर गेलात सगळे. बरं, आधी बोनस हे मान्य, एक टक्का जास्त हेही मान्य. म्हणून शून्य?

रबाळेकर
शून्य कोण म्हणालं? वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमधून सुका मेवा किलोवर आणायचा, डबे कारखान्यातच भरायचे. स्टोअरच्या आणि गेटवरच्या माणसालाही तोच डबा. ज्याचं बिल मुदतीबाहेर थकलं, त्याचं नाव यादीतून बाद.

तुर्भेवाला
आणि माझं निम्मं काम त्याच्याकडूनच येत असेल तर?

रबाळेकर
तर डबा पाठवा, पण स्वतः घेऊन जा आणि थकलेल्या बिलांची यादी त्याच टेबलावर ठेवा.