द्राक्षाचं आईस्क्रीम बर्फाळ होतंय: नाशिकमध्ये छोट्या प्रमाणावर सुरुवात करायची तर काय बघावं?

पंचवटी_स्कूप:
इंदिरानगरला छोटा गाळा घेऊन आईस्क्रीम सुरू करायचं चाललंय. दिवसाला 10 ते 20 किलो मिक्स, म्हशीचं दूध, डालडा-पामतेल अजिबात नाही, फळं शक्यतो जिल्ह्यातलीच. साधं मलई उत्तम जमतं. 10 किलोचं माप असं: दूध 6.3 किलो (फॅट 6 टक्के), डेअरीचं क्रीम 1.8 किलो (फॅट 40 टक्के), स्किम्ड मिल्क पावडर 400 ग्रॅम, साखर 1.2 किलो, डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पूड) 270 ग्रॅम, स्टॅबिलायझर-इमल्सिफायर (पाणी आणि फॅट धरून ठेवणारी पूड) 30 ग्रॅम. याच मिक्समध्ये 20 टक्के काळ्या द्राक्षाचा गर घातला की जिभेला बर्फ लागतो, डबा बाहेर काढला की लगेच पाणी सुटतं, आणि रंग राखाडी जांभळा येतो. स्टॅबिलायझर वाढवू का? मशीन आणि लायसन्सबद्दलही सांगा.

आटीव:
स्टॅबिलायझरला हात लावू नका. 0.3 टक्के पुरेसं आहे, वाढवलंत तर च्युइंगगम होईल.

तुमचं मलईचं माप चांगलं बसलंय: फॅट 11, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) साधारण 10.5, साखर 14.7, एकूण घन (पाणी सोडून सगळं) 36.5 टक्के. आता 8 किलो मिक्समध्ये 2 किलो गर टाकला की काय होतं बघा. द्राक्षात 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच. फॅट 8.8 वर येतं, एकूण घन 33 वर. पाणी वाढलं म्हणून बर्फाचे खडे मोठे. वर द्राक्षाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तेवढ्याच वजनाच्या आपल्या साखरेच्या जवळपास दुप्पट ती गोठणबिंदू खाली ओढते, आणि डेक्स्ट्रोज तर तुम्ही आधीच घातलाय. म्हणून खडेही आणि पातळपणाही, दोन्ही एकदम.

गर गाळून मंद आचेवर आटवा. रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर ब्रिक्समध्ये, म्हणजे साधारण टक्क्यांत, दाखवणारं उपकरण) घ्या, त्याशिवाय हे काम अंदाजपंचे होतं. 18 ब्रिक्सचा 2.5 किलो रस 45 ब्रिक्सला आला की 1 किलो उरतो. मग 10 किलोचं माप: दूध 5.4 किलो, क्रीम 2 किलो, पावडर 450 ग्रॅम, साखर 1.1 किलो, स्टॅबिलायझर 30 ग्रॅम, आटवलेला रस 1 किलो. डेक्स्ट्रोज शून्य, तो द्राक्षातूनच येतोय. फॅट 11.2, घन 37 च्या पुढे. रस गरम दुधात कधीच घालायचा नाही, आंबटपणाने दूध फाटतं. मिक्स 4 अंशांवर रात्रभर मुरल्यावर, मशीनमध्ये ओतायच्या जरा आधी, थंडगार रस घाला.

रंगाचं मात्र काही करता येणार नाही. काळ्या द्राक्षाचा आणि जांभळाचा रंग आंबटात लाल राहतो, दुधात निळसर-राखाडी होतो. पर्याय दोन. एक, पांढऱ्या मलईत 60 ब्रिक्सच्या पुढे आटवलेल्या रसाच्या रेघा सोडायच्या. त्यापेक्षा पातळ ठेवलात तर रेघांचाच बर्फ होतो. दुसरा, दुधाशिवाय सॉर्बे: एकूण साखर 26 ते 28 टक्के आणि लिंबू. माझं मत विचाराल तर काळं द्राक्ष सॉर्बेतच शोभतं.

नागली_भाकर:
थॉम्पसन सीडलेसच्या (हिरव्या बिनबियांच्या द्राक्षाच्या) वाटेला जाऊ नका. खायला गोड, पण गोठवल्यावर नुसती साखर लागते, वास उरतच नाही. त्याचे मनुके वापरा. भिजवायचे ते पाण्यात नाही, घट्ट साखरपाकात. पाण्यात फुगलेला मनुका आईस्क्रीममध्ये दगड होतो.

बाकी हंगाम असा धरा: सुरगाणा-कळवणकडची स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च, द्राक्ष जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, इगतपुरी-त्र्यंबककडची करवंदं आणि जांभळं मे-जूनमध्ये, पावसाळा सरता सरता सीताफळ. सटाणा-देवळ्याचं भगवं डाळिंब छान, पण दाणे अख्खे टाकू नका, दातच पडतील; रस आटवून वापरा. स्ट्रॉबेरीला 15 टक्के साखर लावून 2 तास ठेवा, सुटलेला रस वेगळा आटवा आणि परत फोडींत घाला. ही साखर मापातून वजा करायला विसरू नका.

सीताफळ तापवायचं नाही. गर 55-60 अंशांच्या वर गेला की कडवट आणि गुलाबीसर होतो. कच्चाच जाणार म्हणून स्वच्छता दुप्पट हवी: फळ फोडायच्या आधी 100 पीपीएम (लिटरला 100 मिलिग्रॅम) क्लोरीनच्या पाण्यात धुवायचं, गर लगेच उणे 18 ला.

आणि पेठ-सुरगाण्याची नागली (नाचणी) कोणी का वापरत नाही? भाजलेल्या नागलीचं पीठ 2 टक्के, गूळ किंवा काकवी. फक्त मिक्स 85 अंशांपर्यंत तापवा, नाहीतर स्टार्च शिजत नाही आणि खडू चाटल्यासारखं लागतं.

पंचवटी_स्कूप:
आटवायचं पटलं. आता मशीन. होमोजिनायझर (फॅटचे गोळे बारीक करणारं मशीन) परवडत नाही, त्याशिवाय चालेल का? एकदोन घाण्यांत लोण्याचे कणही दिसले.

कॉम्प्रेसर:
चालेल. पण म्हशीच्या क्रीमचे फॅटचे गोळे मोठे, घुसळताना त्यांचं लोणी होणारच. तीन गोष्टी पाळा. पाश्चरायझेशन 69 अंशांना 30 मिनिटं करताना 65 च्या वर असतानाच मोठा हँड ब्लेंडर 5 मिनिटं फिरवा. नंतर बर्फाच्या पाण्यात झटपट 4 अंशांपर्यंत उतरवा. कोमट मिक्स मशीनमध्ये गेलं की लोणी ठरलेलं. आणि जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, इमल्सिफायर) जास्त घालू नका, त्यानेही लोणी सुटतं. स्टॅबिलायझरमध्ये लोकस्ट बीन गम असेल तर 80 ते 85 पर्यंत न्यावंच लागेल, ग्वार गम थंडातही फुलतो. कोरडी पूड सहापट साखरेत मिसळून 45 अंशांना शिंपडत घाला म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

सगळे बॅच फ्रीझरवर (मिक्स घुसळत गोठवणाऱ्या मशीनवर) पैसे ओततात आणि पुढचं विसरतात. मशीनमधून आईस्क्रीम उणे 5-6 ला निघतं, तेव्हा निम्मं पाणी अजून गोठायचं असतं. ते दुकानातल्या साध्या डीप फ्रीझरमध्ये ठेवलंत तर रात्रभर सावकाश गोठतं आणि खडे वाढतात. उणे 30 चा छोटा ब्लास्ट फ्रीझर (जोरात थंड हवा मारून झटपट गोठवणारा) हवा. तो जमत नसेल तर लहान मशीन घ्या, पण ब्लास्ट घ्याच. तोवर उथळ स्टीलचे ट्रे आधी गार करून, 4 सेंमीपेक्षा जाड थर न देता, पूर्ण गार झालेल्या वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. त्यात दुसरं काही ठेवायचं नाही आणि झाकण उघडायचं नाही.

गाळा घेण्याआधी थ्री फेज मिळतंय का आणि किती लोड मंजूर आहे ते महावितरणला विचारा. हवेवर थंड होणारं मशीन बंद गाळ्यात एप्रिलच्या दुपारी दम टाकतं, एक घाणा दुप्पट वेळ खातो आणि खडे होतात. गरम हवा बाहेर जायला वाट ठेवा किंवा पहाटे काम उरका.

वहीखातं:
कागदपत्रं थोडक्यात. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा लायसन्स 'फॉसकॉस' पोर्टलवर होतं. लेबलचं मात्र नीट बघा: नुसतं 'आईस्क्रीम' लिहायचं तर दुधाचं फॅट किमान 10 टक्के, एकूण घन 36, प्रोटीन 3.5 आणि लिटरला किमान 525 ग्रॅम वजन. तुमचं जुनं द्राक्षाचं 8.8 फॅटचं माप 'मिडियम फॅट आईस्क्रीम' ठरतं, तसं छापावं लागलं असतं. क्रीमचं फॅट दर खेपेला तपासून घ्या. 40 सांगून 35 चं आलं तर तुमचं मलईसुद्धा 10 च्या काठावर येतं.

जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्के झाला. पण आईस्क्रीम बनवणाऱ्याला कंपोझिशन योजना (छोट्या धंद्यांसाठीची सोपी, ठराविक दराची जीएसटी योजना) नाही, आणि वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी न करण्याची सवलतही नाही, मर्यादा 20 लाखांचीच. बरेच जण इथे फसतात, सीएला आधीच विचारा.

भाव काढताना किलोवर जाऊ नका, कपावर या. 10 किलो मिक्स म्हणजे साधारण 9 लिटर. ओव्हररन (घुसळताना मिसळणाऱ्या हवेने वाढणारं आकारमान) 30 टक्के धरलं तर पावणेबारा लिटर, म्हणजे 100 मिलीचे 117 कप. मशीनला चिकटलेलं आणि चाखायला दिलेलं सोडून 110 धरा. 20 टक्के ओव्हररन ठेवलंत तर कप आणखी 8-9 ने कमी होतात.

पंचवटी_स्कूप:
शेवटचं. दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून छाटणीचे सुटे मणी स्वस्तात मिळतायत. घ्यावेत?

आटीव:
घ्या, आटवायला घडच हवेत असं नाही. मात्र निर्यातीच्या बागेचेच घ्या आणि त्या प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट (उरलेल्या कीटकनाशकांच्या तपासणीचा अहवाल) मागा, त्यांच्याकडे असतोच. रस अडीचपट आटला की त्यात जे काही असेल तेही अडीचपट होतं. फुटलेले आणि ओले मणी त्याच दिवशी आंबायला लागतात, म्हणून सकाळी उचला आणि दुपारच्या आत आच लावा.