डिस्टिंक्ट दिसला की जॉइन चुकलाय समजावं: मान्य की अमान्य?

गोठ्यातला कोडर (धागाकर्ता)

परवा कोडच्या तपासणीत, म्हणजे रिव्ह्यूत, पुन्हा तेच. डेटाबेसला विचारायच्या एसक्यूएल क्वेरीत चार टेबलांचा जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं), ओळी दुप्पट-तिप्पट येतायत आणि लिहिणारा सिलेक्टपुढे डिस्टिंक्ट (‘दुबार ओळी गाळ’) चिकटवून मोकळा. मी परत पाठवलं. त्यावरून टीममध्ये जुंपली, म्हणून इथे विचारतोय.

हा राग कुठून आला ते सांगतो. पूर्वी मी एका दूध संस्थेचं बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. दर दहा दिवसांनी बिल. एका सभासदाच्या सकाळ-संध्याकाळ मिळून संकलनाच्या 20 नोंदी आणि पशुखाद्याच्या उचलीच्या समजा 3. दोन्ही टेबलं सभासद क्रमांकावर एकाच क्वेरीत जोडली की 20 गुणिले 3, झाल्या 60 ओळी. दुधाची रक्कम तिप्पट, उचल वीसपट. कुणीतरी बेरजेच्या आत डिस्टिंक्ट घातला. टेस्टच्या डेटावर आकडा जुळला, सगळे चहाला गेले.

खऱ्या बिलात एका बाईंचं दूध सकाळी साडेपाच लिटर, संध्याकाळीही साडेपाच. दर 34. म्हणजे दोन्ही वेळा 187 रुपये. डिस्टिंक्टनं त्यातले एक 187 गिळले. बाई वही घेऊन आल्या. त्यांचा हिशोब बरोबर होता. उलट बाजूलाही तेच: पेंडेची दोन पोती एकाच भावाची उचलली तर एकच कापलं जायचं. ते सांगायला मात्र कुणी आलं नाही!

दुरुस्ती अगदी साधी होती. संकलनाची सभासदवार बेरीज आधी, उचलीची वेगळी, आणि मग एका ओळीला एकच ओळ जोडायची. तेव्हापासून ओळी का वाढल्या हे सांगता आल्याशिवाय मी डिस्टिंक्ट पास करत नाही.

रिपोर्टवाली

अमान्य. बेरजेतला डिस्टिंक्ट हा गुन्हाच आहे, त्यावर वाद नाही. पण त्याची शिक्षा साऱ्या खानदानाला कशाला? मला ड्रॉपडाउनमध्ये तालुक्यांची यादी हवी असते. तालुक्यांचं वेगळं टेबल नाही, कारण ते करणार होता तो माणूस नोकरी सोडून गेला. मग डिस्टिंक्ट तालुका, आणि क्रम लावायला ऑर्डर बाय तालुका. दुसरं काय लिहू? हेच ग्रुप बायनं (सारख्या ओळींचा एकेक गट करून) लिहिलं की तुमच्यासारखे रिव्ह्यूवाले मुकाट पास करतात, हेही पाहिलंय.

गोठ्यातला कोडर

ग्रुप बायचा टोमणा लागला. पण माझा रोख जॉइनवर आहे. ‘या महिन्यात ज्यांनी दूध घातलं ते सभासद’ एवढंच हवं असेल तर जॉइन करून प्रत्येक सभासदाच्या साठ ओळी उभ्या करायच्या आणि एकोणसाठ फेकायच्या, हा कुठला न्याय? एक्झिस्ट्स लिहा, म्हणजे ‘निदान एक नोंद आहे का’ एवढंच विचारा. एक नोंद सापडली की पुढचं बघायचं कारणच उरत नाही.

रिपोर्टवाली

माझ्याकडे सभासद तीन हजार. दोन्ही क्वेऱ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत येतात. आणि एक्झिस्ट्सच्या आतली क्वेरी सहा महिन्यांनी वाचायची मलाच असते.

निवृत्तीला आलेला डीबीए

तुमचं दोघांचं चालू द्या. डेटाबेस सांभाळणारा (डीबीए) म्हणून मला जास्त धास्ती दुसऱ्याच सवयीची वाटते: डिस्टिंक्ट किंवा ग्रुप बाय लावला की यादी आपोआप क्रमानं येते, मग ऑर्डर बाय कशाला, असं समजणारे.

हा समज हवेतून आलेला नाही. पूर्वी डेटाबेस दुबार ओळी शोधायला आधी सगळ्या क्रमाने लावायचा, म्हणजे सारख्या ओळी शेजारी येतात आणि गाळता येतात. क्रम हा त्या कामाचा चोथा होता, आणि लोकांनी तोच वचन म्हणून धरला. मग हॅशिंग आलं: क्रम न लावता प्रत्येक ओळीवरून एक आकडा काढायचा आणि सारख्या ओळी एका खणात टाकायच्या. ओरॅकल या डेटाबेसच्या 10जी च्या दुसऱ्या रिलीजनं, 2005 मध्ये, ग्रुप बाय हॅशनं करायला सुरुवात केली. पोस्टग्रेसनं 2009 च्या 8.4 मध्ये डिस्टिंक्टसाठी तेच केलं. मायएसक्यूएलमध्ये तर ग्रुप बायनं क्रम लागतो हे ठरलेलंच होतं, ते 2018 मध्ये 8.0 नं काढून टाकलं. प्रत्येक अपग्रेडनंतर मला फोन: ‘साहेब, रिपोर्ट विस्कटलाय.’ रिपोर्ट विस्कटलेला नव्हता हो, तो कधी लावलेलाच नव्हता.

क्रम हवा असेल तर ऑर्डर बाय लिहा. यात मतभेदाला जागा नाही.

नवशिका

काका, मग मला एक सांगा. मला गावांची यादी हवी होती, शेवटचं संकलन ज्या गावात झालं ते आधी. डिस्टिंक्ट गाव लिहिलं, ऑर्डर बाय तारीख लिहिलं, तर पोस्टग्रेस म्हणतो ऑर्डर बायमधलं सिलेक्टमध्ये हवं. तारीख सिलेक्टमध्ये घातली तर एकेक गाव तीसदा येतंय.

निवृत्तीला आलेला डीबीए

तो आडमुठेपणा करत नाहीये. एका गावाच्या तीस तारखा. दुबार गाळल्यावर गाव उरलं एक, मग ते कुठल्या तारखेच्या जागी बसवायचं? तुझ्या मनात ‘शेवटची’ आहे, पण तू ते लिहिलंयस कुठे? ग्रुप बाय गाव कर आणि ऑर्डर बायमध्ये तारखेचा मॅक्स दे, उतरत्या क्रमानं. मायएसक्यूएल पूर्वी अशा क्वेरीला गुपचूप काहीतरी उत्तर द्यायचा. 5.7 पासून तोही अडवतो. गाव, तारीख आणि लिटर अशी शेवटची अख्खी ओळच हवी असेल तर रो नंबर (ओळींना क्रमांक देणारं फंक्शन) घे, गाववार पार्टिशन करून, म्हणजे प्रत्येक गावाची मोजणी वेगळी.

संचवादी

सगळ्या दुखण्याचं मूळ भाषेतच आहे. अशा टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं 1970 च्या निबंधात रिलेशन (म्हणजे टेबल) मांडलं ते संच म्हणून, आणि संचात दुबार घटक नसतो. 1974 मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी सिक्वेल (एसक्यूएलचं मूळ रूप) आणली, आणि त्या भाषेत दुबार ओळी राहू दिल्या. मुळात डिस्टिंक्ट आपोआप असता आणि दुबार हव्या तरच सांगायचं असतं, तर हा धागाच निघाला नसता.

गोठ्यातला कोडर

नसता कसा? रकमेचा एकच स्तंभ निवडला की बाईंचे 187 तुमच्या संचानं आपणहून गिळले असते, न सांगता. दुबार गाळणं फुकट होत नाही, हेही कारण होतंच की.

संचवादी

एकच स्तंभ निवडून बेरीज करायला सांगितलं कुणी? सभासद, तारीख आणि वेळ सोबत ठेवा, ओळी वेगळ्याच राहतात. चूक संचाची नाही, किल्ली (ओळ वेगळी ओळखू देणारे स्तंभ) टाकून देणाऱ्याची आहे.

निवृत्तीला आलेला डीबीए

म्हणूनच युनियन (दोन याद्या एकाखाली एक जोडणं) लिहिताना सवयीनं ऑल लावा. साधा युनियन दुबार गाळतो. दोन शाखांचे व्यवहार एकत्र करताना यावर किती जण आपटलेत ते पाहिलंय.

कृष्णाकाठचा

‘दुबार’ कशाला म्हणायचं यावर कुणी बोलेना, म्हणून मध्ये पडतो. आमच्या तालुक्याचं नाव घ्या. कुणी कराड लिहितो, कुणी कऱ्हाड. हे दोन दिसतात तरी. पण कऱ्हाड दोन रीतींनी टंकता येतं: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पोस्टग्रेसला मात्र बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा तर विचारूच नका.

आणि क्रम! युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ळ बसतो ल आणि व यांच्यामध्ये, आपल्या वर्णमालेत ह नंतर. नुसत्या कोडच्या क्रमानं लावलं तर काळे, काशीद, कासार असं येतं. शाळेच्या हजेरीत काळे शेवटी असायचा. क्षीरसागर क च्या घरात शिरतो ते वेगळंच. पोस्टग्रेस 10 पासून आयसीयू या लायब्ररीची कोलेशनं (भाषावार क्रमाचे नियम) मिळतात, त्यात मराठीचंही आहे. ऑर्डर बायपुढे ते सांगा.

नवशिका

माझ्या यादीत पान दोनवर पान एकचीच दोन नावं येतात. हेही ळ मुळेच का? 😀

निवृत्तीला आलेला डीबीए

नाही रे. तारखा सारख्या असलेल्या ओळींचा आपसातला क्रम तू ठरवलाच नाहीस, तर दर पानाला तो बदलू शकतो. ऑर्डर बायच्या शेवटी आयडी जोड. आणि तिथे डिस्टिंक्ट लावून बघू नकोस, दोन पानं म्हणजे दोन वेगळ्या क्वेऱ्या.

रिपोर्टवाली

कृष्णाकाठच्यांनी पोटात गोळा आणला. आत्ता उघडून पाहिलं. माझ्या ड्रॉपडाउनमध्ये कऱ्हाड दोनदा आहे. दोन वर्षं कुणी बोललं नाही.

गोठ्यातला कोडर

डिस्टिंक्ट लावूनही?

रिपोर्टवाली

लावूनही. खुश व्हा. तालुक्यांचं टेबल करायला घेतेय.

गोठ्यातला कोडर

बघा. ते झालं की तुम्हाला डिस्टिंक्ट लागणारच नाही.

रिपोर्टवाली

ते टेबल भरायची पहिली क्वेरी डिस्टिंक्टनंच सुरू होतेय. 🙏