मदत हवी आहे: तापानंतर मुलीचे सांधे सुजलेत, तिला डाऊन सिंड्रोम आहे

मुलगी नऊ वर्षांची. थायरॉइडची गोळी चालू आहे, हृदयाचं छिद्र लहानपणीच आपोआप बुजलं. गणपतीत घरात सगळ्यांना एकापाठोपाठ ताप आला, सांधे धरले. आम्ही मोठे बरे झालो. तिचाही ताप उतरला, पुरळ गेलं, पण दिवाळी होऊन गेली तरी ती पूर्वीसारखी चालत नाही.

"दुखतंय" असं ती म्हणत नाही. कानात पू झाला होता तेव्हाही म्हणाली नव्हती. त्यामुळे मी तिच्या हातापायांकडेच बघते. सकाळी जिना बसून बसून उतरते, दुपारपर्यंत मोकळी होते. चमचा मुठीत धरायला लागली आहे. उजवं मनगट आणि त्या हाताची दोन बोटं डाव्यापेक्षा जाड दिसतात, हाताला गरम लागतात. लाली नाही.

इथल्या डॉक्टरांनी चिकनगुनियाची आयजीएम (ताज्या संसर्गाची रक्तचाचणी) केली, निगेटिव्ह. आरए फॅक्टर (संधिवाताची रक्तचाचणी) निगेटिव्ह, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी चाचणी) नॉर्मल. त्यांचं म्हणणं, "व्हायरलनंतर असं होतं, जाईल. शिवाय या मुलांचे सांधे सैलच असतात." सासूबाईंच्या मते ती लाडावली आहे. (आहेच, पण त्याने मनगट सुजत नाही.)

रिपोर्ट नॉर्मल असूनही संधिवात असू शकतो का? कोणाला दाखवू? स्टेरॉइडचा छोटा कोर्स सुचवलाय, तो सुरू करू का? आम्ही सातारा जिल्ह्यात आहोत, पुण्याला जायची तयारी आहे.

प्रतिसाद: दोन वेण्या

असू शकतो. माझ्या भाच्याचे आरए, एएनए (संधिवातात करतात ती आणखी एक रक्तचाचणी), ईएसआर सगळं नॉर्मल होतं आणि तरी निदान डाऊन सिंड्रोममधल्या संधिवाताचंच झालं. यात हाताचे छोटे सांधे आणि मनगटं बरेचदा धरतात. मनगट "नॉर्मल" वाकतंय असं सगळे सांगत होते. फिजिओताईंनी ओळखलं. या मुलांचं मनगट मुळातच जास्त वाकतं, त्यामुळे ते इतरांइतकंच वाकायला लागलं तर काहीतरी गेलेलं असतं. तापाच्या आधीचे तिचे व्हिडिओ शोधून ठेवा. आणि सकाळी उठल्या उठल्या जिन्यावरचा एक काढा. ओपीडीत नंबर लागेपर्यंत ती छान चालायला लागते आणि मग आपणच वेड्यात निघतो.

हाडांच्या डॉक्टरांकडे नका जाऊ, थेट लहान मुलांचे संधिवाततज्ज्ञ गाठा. पुण्या-मुंबईत आहेत.

प्रतिसाद: ओपीडीनंतर

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण स्टेरॉइड आत्ता सुरू करू नका. डाऊन सिंड्रोममध्ये ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) धोका इतर मुलांपेक्षा बराच जास्त असतो आणि त्याची सुरुवात कधी कधी ताप आणि सांधेदुखीनेच होते. स्टेरॉइडने ते चित्र झाकलं जातं. आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करा. तो बहुधा ठीकच येईल, पण क्रम हाच.

दुसरं, मान. चाल आणि हाताची पकड दोन्ही बदललीय म्हणून विचारतो. या मुलांमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मान तिरकी धरते का? लघवीवरचा ताबा सुटलाय का? पाय ताठ वाटतात का? यातलं काहीही असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोवर कोलांटउड्या, ट्रॅम्पोलिन बंद.

व्हायरलनंतरची साधी सूज बहुतेकदा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ओसरते. (चिकनगुनिया महिनोन्महिने रेंगाळतो. ती आयजीएम तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत केली असेल तर त्या निगेटिव्हला अर्थ नाही.) सहा आठवड्यांच्या पुढे सूज आणि सकाळचा आखडलेपणा राहिला की संधिवात धरूनच तपासायचं. मनगटाची सोनोग्राफी मागा, सांध्यातली सूज त्यात दिसते. डोळे स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं, हनुवटी टेकवून बसायचं यंत्र) तपासून घ्या, कारण संधिवातात डोळ्याच्या आतली सूज लाली न येताही असते.

तापाचा संबंध असू शकतो. व्हायरसविरुद्ध इशारा देणाऱ्या इंटरफेरॉनच्या रिसेप्टरची चार जनुकं 21व्या गुणसूत्रावर असतात. डाऊन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र एक जास्त असल्यामुळे तिच्याकडे त्यांच्या तीन-तीन प्रती आहेत, म्हणून हा प्रतिसाद जोरात उठतो. पण ताप हे कारण होतं की नुसतं निमित्त, हे तिच्या बाबतीत छातीठोक सांगता येणार नाही. उपचार त्यासाठी अडत नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. मान सरळ आहे, लघवीचंही ठीक. आयजीएम तापाच्या दुसऱ्याच दिवशी केली होती. सीबीसी तापानंतर झालेलंच नाही, उद्या करते. स्टेरॉइड देत नाही. स्लिट लॅम्पला ती स्थिर बसेल असं वाटत नाही. कोणी या वयाच्या मुलाचं करून घेतलंय का? कसं बसवलंत?