फ्रेंच नव्हे, सांगो
मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच, असं कुणीतरी लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे. फ्रेंच चालते ती सरकारी कचेऱ्यांत. राजधानी बांगीच्या बाजारात मात्र सांगो ही तिथली भाषाच चालते. उबांगी नदीकाठच्या न्ग्बांदी भाषेतून ती घडली, पुढे देशभर पसरली आणि १९९१ पासून फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा आहे. जवळजवळ सगळ्या देशाला कळणारी आपली अशी एक भाषा, आफ्रिकेत हे किती दुर्मिळ!

तिथल्या राजचिन्हावर, वरच्या पट्टीत सांगोतले तीन शब्द आहेत: 'झो क्वे झो'. झो म्हणजे माणूस, क्वे म्हणजे सगळे. प्रत्येक माणूस हा माणूसच. हे तिथले स्वातंत्र्याचे नेते बार्थेलेमी बोगांदा यांचं ब्रीद. १९६० चं स्वातंत्र्य बघायला ते राहिले नाहीत, मार्च १९५९ मध्ये विमान अपघातात गेले. फार हळहळ वाटते.