लिंडा रॉनस्टॅट यांचा आवाज तुमच्यापर्यंत कसा पोहोचला?

हातमाग
गेल्या आठवड्यात सोलापुरातल्या साखर पेठेतल्या जुन्या घराचा माळा आवरताना अमेरिकन रॉक गायिका लिंडा रॉनस्टॅट यांच्या 1977 सालच्या अल्बमची कॅसेट सापडली. फीत आत चिकटली आहे, तरी टाकून देण्याचा धीर झाला नाही. आमच्या परसामागेच यंत्रमागांची शेड होती आणि त्या खडखडाटात रेडिओवरच्या बातम्याही धड ऐकू येत नसत. मात्र त्या अल्बममधल्या ‘ब्लू बायू’ या गाण्याच्या शेवटी त्यांचा भरदार आवाज एकदम पातळ होऊन उंच स्वरावर जाऊन थांबतो, ती जागा मला माग चालू असतानाही स्पष्ट ऐकू येई. (बहुधा ती पाठ झाली होती म्हणून.) 2011 साली त्या निवृत्त झाल्या आणि आजारामुळे आता गाताच येत नाही, हे त्यांनी 2013 साली सांगितले. आपापले अनुभव लिहावेत.

कडकभाकरी
थोरल्या भावाचा वॉकमन, सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि दोघांत एक इयरफोन. दौंड येईपर्यंत त्याने मला उजवा कान दिला नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

पार्कचौक
आवाजाबद्दल वाद नाही, पण त्यांना रॉक गायिका म्हणताना मी अडखळतो. ‘ब्लू बायू’ मुळात रॉय ऑर्बिसन यांचे, 1963 सालचे, आणि यांची बहुतेक गाजलेली गाणी दुसऱ्यांनीच लिहिलेली आहेत.

हातमाग
चीज दुसऱ्याने बांधली म्हणून आपण गवयाला कमी लेखतो का? शिवाय रॉकच्या ‘हॉल ऑफ फेम’ने त्यांना 2014 साली मान दिलाच आहे.

कांडीवाली
आमच्या घरात तेलुगू आणि शाळेत मराठी. आजी मागासाठी सुताच्या कांड्या भरताना तेलुगू गाणी म्हणायची आणि मैत्रिणी आल्या की मी तिला गप्प बसवायचे. पुढे कॉलेजात रॉनस्टॅट यांचा 1987 सालचा ‘कान्सियोनेस दे मी पाद्रे’ (‘माझ्या वडिलांची गाणी’) हा स्पॅनिश अल्बम ऐकला. इंग्रजी गाण्यांनी एवढे नाव मिळवलेल्या या बाईंनी वडिलांच्या घरातली मेक्सिकन गाणी, मारियाची वाद्यवृंदासह, कसलाही संकोच न करता गायली होती. शब्द एकही कळला नाही, पण त्याच सुट्टीत मी आजीची अकरा गाणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली. प्रत्येक गाण्यानंतर ती विचारायची, “जागा भरली का गं?”

भजनीमंडळ
माझे वडील भजनात पहिला आवाज लावायचे. तो बारीक होत गेला, तेव्हा एका दवाखान्यात आठ महिने घशाचीच औषधे चालली. हात थरथरू लागल्यावर पार्किन्सन्सचे निदान झाले. रॉनस्टॅट यांच्याही आवाजात निदानाच्या बऱ्याच आधीपासून बदल होत होता, आणि त्यांना आधी पार्किन्सन्स सांगितला गेला, नंतर तो प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पार्किन्सन्ससारखाच वाटणारा मेंदूचा दुसरा आजार असल्याचे कळले. गळ्याच्या स्नायूंना हुकूमच पोहोचेनासा होतो, हे आम्हाला कोणी सुरुवातीला समजावले असते तर “जरा मोठ्याने बोला” असे आम्ही वडिलांना दिवसभर ऐकवले नसते. आता एकादशीला ते मांडीवर ताल धरतात आणि त्यांचा ठेका चुकत नाही.

कांडीवाली
दादा, त्यांची जुनी भजने कोणी ध्वनिमुद्रित केली आहेत का?

भजनीमंडळ
एक कॅसेट आहे, ताई. तीही चिकटलेली.

पार्कचौक
दोन्ही कॅसेटींचे कवच स्क्रूचे असेल तर ते उघडून फीत दुसऱ्या कवचात घालता येते. पेन्सिलीने जोरात फिरवू नका. माझ्याकडे रिकामी कवचे आणि चालू टेप आहे. रविवारी दोघेही या.